पंच्याऐंशी तास

पोलंडमधल्या तोरुन शहरातल्या वाचनालयाच्या तळघरात त्या शनिवारी चौघंच जमली होती. मार्चपर्यंत पाच असायची. पाचवी खुर्ची कोणी हलवली नव्हती आणि तिच्यावर कोणी बसतही नव्हतं. मात्र कोट टाकायला सगळ्यांना तीच जवळ पडायची, आणि इर्मिनाला ते दर वेळी खटकायचं. आपला कोट ती मांडीवर घेऊन बसायची.

तीस वर्षं ही मंडळी एकाच मालिकेवर भांडत होती. त्यांच्यातल्या जुन्या चौघांच्या तरुणपणी टीव्हीवर तेरा भागांची एक मालिका लागली होती, ‘टिटवी’ नावाच्या अंतराळयानाची. मालिका पुन्हा कधी दाखवली गेली नाही. पण त्यांच्या डोक्यातून ती उतरलीच नाही. पुढे संगणकावर ग्रह जिंकण्याचा, आरमारं बांधण्याचा एक मोठा खेळ आला. त्याच्या फायली उघडून चाहत्यांना आपापली यानं, आपापले ग्रह घालता येत. अशा भरीला मॉड म्हणतात. क्लबने टिटवीचा मॉड केला. आकडे इर्मिनाने बसवले, शब्द बोग्नाने लिहिले, आणि ते सगळं यंत्राला समजेल अशा भाषेत आणलं इगाने. इगा क्लबात सगळ्यात लहान, चौतीस वर्षांची; ती मागाहून आलेली, मालिका तिने बाकीच्यांच्या जुन्या टेपांवर पाहिलेली.

“हे बघा,” इगाने लॅपटॉप सगळ्यांना दिसेल असा वळवला. “खेळाची नवी आवृत्ती आलीय. आपला मॉड तिच्यावर चालत नाही. बाकीचं मी ओढूनताणून बसवलंय. एकच जागा अडलीय.”

“नववा भाग,” झेनोन म्हणाला. तो निवृत्त ट्रामचालक. खसखशीच्या केकचे तुकडे करण्याचं काम कायम त्याच्याकडे.

“नववा भाग.”

“मग चहा आणखी एकदा टाका. आज इथून लवकर उठणं होत नाही.”

नवव्या भागातलं भोक सगळ्यांना पाठ होतं. एका बर्फाळ चंद्रावरच्या खाणीत अपघात होतो. खाणकामगार ‘वाचवा’ असा निरोप पाठवतात. टिटवी तेव्हा अशा अंतरावर असते, की प्रकाशाला तिथवर जायला अकरा तास लागावेत. निरोपही तेवढ्याच वेगाने जाणार. पण कप्तान आपल्या माणसांना सांगतो, “आत्ताच निरोप आलाय,” तेव्हा खाणीच्या नोंदीप्रमाणे निरोप पाठवून चार दिवस झालेले असतात. टिटवी पोहोचते तेव्हा तिथे कोणी जिवंत नसतं. अकरा तासांच्या वाटेला चार दिवस कसे लागले, हे तेराव्या भागापर्यंत कोणी विचारत नाही.

इर्मिनाचं म्हणणं सरळ होतं. शहराबाहेरच्या वेधशाळेतली घड्याळं तिच्या ताब्यात होती. आकाशातून आलेल्या प्रत्येक संकेतावर वेळेचा अचूक शिक्का बसतो की नाही हे पाहणं, हीच तिची नोकरी. ती म्हणायची, लेखकाचं गणित चुकलं. अंतर चार प्रकाशदिवस धरा, भोक बुजलं.

बोग्ना म्हणायची, भोक नाहीच. निरोप अकरा तासांतच आला. उरलेले पंच्याऐंशी तास तो कप्तानाच्या खिशात होता.

“तिचा पुरावा आठवतो ना?” झेनोनने सुरी केकमध्ये तशीच ठेवली. “कप्तान सगळ्यांना सांगतो, अपघात झाला. मग बाकीचे विचारतात, कुठे, किती माणसं, हवा किती दिवसांची. तो एकटा काही विचारत नाही. बोग्ना म्हणायची, ज्याला एखादी गोष्ट आधीच ठाऊक असते, तो प्रश्न विचारायला विसरतो.”

“तो कप्तान आहे. तो कशाला विचारेल? तो सांगतोय,” इगा म्हणाली.

“असं तू तिला सांगायला हवं होतंस. तुला तळघरातच गाडली असती.”

सगळे हसले. लुबोमिरसुद्धा हसला. तो बोग्नाचा धाकटा भाऊ, तिचा लुबेक. पन्नाशीचा, दातांचा डॉक्टर, भांडणात नेहमी बहिणीच्या बाजूने हात वर करणारा. हसता हसता त्याने चष्मा काढून पुसला.

“अडलंय काय ते सांग,” इर्मिना म्हणाली.

“निरोपाला उशीर का झाला, याची खेळाला दोनच कारणं समजतात. अंतर, नाहीतर बिघाड. बोग्नाने तिसरं घातलं होतं. ‘मौन’. जुन्या आवृत्तीत मी ते कसंबसं खपवलं होतं. निरोप आलेला दिसतो, पण उत्तराचं बटण पंच्याऐंशी तास करडं राहतं, दाबलं तरी दबत नाही.”

“त्या बटणाबद्दल मी तीन वेळा तक्रार केली होती,” इर्मिना म्हणाली.

“चार वेळा. माझ्याकडे आहेत सगळ्या. तर नव्या आवृत्तीत तिसरं कारण पाहिजे असेल तर मला सगळं मुळापासून लिहावं लागेल. महिन्याचं काम आहे. करीन मी, पण नुसत्या वादासाठी नाही करणार. आज काय ते ठरवा.”

झेनोनने लुबोमिरकडे पाहिलं. लुबोमिरने ग्लासातली लिंबाची चकती चमच्याने दाबली, पुन्हा दाबली.

“अंतर घाला,” तो म्हणाला.

“काय?”

“इर्मिनाचं बरोबर आहे. माझ्या ताईला भांडायला आवडायचं म्हणून मी तिच्या बाजूने बोलायचो. पण मला ते कधी पटलं नाही. कोणी मदत मागतंय, आपल्या हातात निरोप आहे, आणि माणूस चार दिवस गप्प बसतो? असं कोण करेल? गणितच चुकलं असणार.” तो इर्मिनाकडे वळला. “तू जिंकलीस बाई. तीस वर्षांनी. घे, केकचा कोपरा तुला.”

झेनोनने खरोखरच कोपऱ्याचा तुकडा तिच्या बशीत ठेवला.

इर्मिनाने बशीकडे पाहिलं. काहीच बोलायची गरज नव्हती. मान हलवली असती तरी पुरलं असतं. इगाने फाईलमध्ये ‘अंतर’ लिहिलं असतं आणि मंडळी पुढच्या विषयाकडे वळली असती. मार्चपासून ती अशीच मान हलवत आली होती. बोग्नाने ऑपरेशनचं कोणालाच सांगितलं नाही, कोणाला त्रास नको, असाच तिचा स्वभाव, असं लुबोमिर प्रत्येकाला सांगायचा आणि शेजारी उभी असलेली इर्मिना मान हलवायची. दफनाच्या दिवशीही तिने तेच केलं होतं.

“अंतर नाही,” ती म्हणाली. “मौन ठेव. बोग्नाचं बरोबर होतं.”

“आता काय!” झेनोन ओरडला. “एकाने शस्त्र खाली ठेवलं तर दुसरी घोडाच बदलते!”

“इर्मिना, उगाच मनाचा मोठेपणा नको,” लुबोमिर म्हणाला. “तिच्यासाठी म्हणून—”

“तिच्यासाठी नाही. माणसं असं करतात. मला माहीत आहे.”

“कशावरून?” इगाने विचारलं. तिने सवयीनेच विचारलं. या खोलीत पुराव्याशिवाय कोणाचं काही चालत नसे.

इर्मिनाने मांडीवरच्या कोटाच्या खिशातून फोन काढला. तो निरोप शोधावा लागला नाही. उठून तो लुबोमिरच्या हातात द्यावा असं तिला वाटलं. पण तिने बसल्या जागीच वाचून दाखवला.

“‘इर्मा, गुरुवारी सकाळी ऑपरेशन आहे. लुबेकला सांगितलं नाही, तो उगाच हादरेल. तू ग्दान्स्कला येशील का? नाही जमलं तर फोन तरी कर. मला भीती वाटते.’ रविवार, दुपारी चार वाजून बारा मिनिटं.”

खोलीतली किटली उकळून आपोआप बंद झाली.

“त्याच्या आदल्या आठवड्यात तिने क्लबच्या इंटरनेटवरच्या पानावर लिहिलं होतं ना,” इर्मिना सांगत राहिली, “‘इर्मिनाला घड्याळ कळतं, माणूस कळत नाही.’ सगळ्यांसमोर. तुम्ही हसला होतात. मी बटाटे सोलत होते तेव्हा हा निरोप आला. हात पुसले, वाचला, फोन पालथा ठेवला. म्हटलं, वाट बघू दे जराशी. संध्याकाळी करू फोन. संध्याकाळी वाटलं, सकाळी. सोमवारी कामावर दोन वेळा उत्तर लिहिलं आणि खोडलं, कारण त्यात माझा राग दिसत होता. मंगळवारी लिहिलं, त्यात राग दिसत नव्हता, तर वाटलं, तिला सगळं सोपं वाटेल. बुधवारी लाज वाटायला लागली. इतका उशीर का केला, हे कसं सांगायचं ते सुचेना. गुरुवारी सकाळी सात पन्नासला लिहिलं, ‘येते. कुठलं हॉस्पिटल?’”

“साडेसातला आत नेली तिला,” लुबोमिर म्हणाला.

“हो.”

“तिने वाचलं नाही.”

“नाही.”

लुबोमिरने हात टेबलावर ठेवले. दाताच्या डॉक्टरचे हात, नेहमी स्थिर. त्यांतल्या एकाने केकचे पडलेले कण गोळा करून छोटा ढीग केला.

“मी तुला फोन केला होता,” तो म्हणाला. “गुरुवारी दुपारी. सगळ्यात पहिला तुला. म्हटलं, बोग्ना ऑपरेशनमध्ये गेली. हृदय थांबलं. तू काय विचारलंस, आठवतं?”

इर्मिनाला आठवत होतं.

“बाकी प्रत्येकाने विचारलं, कसलं ऑपरेशन. झेनोनने विचारलं. ट्राममध्ये भेटलेल्या माणसाने विचारलं. तू विचारलंस, ‘किती वाजता?’ मला वाटलं, घड्याळवाली बाई, दुसरं काय विचारणार. उलट मला बरं वाटलं होतं. वाटलं, इतकी कोसळलीय की काहीच सुचत नाहीये.”

“लुबेक,” झेनोन म्हणाला.

“थांब. मला एक कळू दे. आठ महिने मी रोज स्वतःला सांगतोय की तिने कोणालाच कळवलं नाही. म्हणून माझा दोष नाही. कोणालाच नाही, तर मलाही नाही. आणि तिने कळवलं होतं.” त्याचा आवाज वर गेला नाही, उलट बारीक झाला. “मी ट्रामने दहा मिनिटांवर स्टेशनच्या, तिथून रेल्वेने अडीच तासांत ग्दान्स्कला, तिच्यापाशी. मी हादरलो असतो, पण गेलो असतो. हादरत हादरत गेलो असतो.”

“माहीत आहे.”

“तू मला एक फोन केला असतास. तुला तिच्याशी बोलायचं नव्हतं, ठीक. मला सांगायचं होतंस.”

हा तिसरा रस्ता त्या चार दिवसांत इर्मिनाला दिसलाच नव्हता. आणि नंतरच्या आठ महिन्यांतही, सगळे रस्ते मोजून झाले असं वाटत असताना, हा मोजायचा राहून गेला होता.

लुबोमिर उठला. पाचव्या खुर्चीवरून त्याने आपला कोट उचलला, तेव्हा झेनोनचाही खाली पडला. तो उचलून, झटकून त्याने पुन्हा खुर्चीवर नीट ठेवला, आणि जिना चढून गेला. वरचं दार आपटलं नाही. ते आपटलं असतं तर बरं झालं असतं.

झेनोन किटलीकडे गेला आणि तिथेच पाठ करून उभा राहिला.

“मी… काय लिहू?” इगाने विचारलं. तिचे डोळे भरले होते, तरी बोटं कळफलकावर होती.

“अकरा तास अंतर,” इर्मिना म्हणाली. “पंच्याऐंशी मौन. बटण करडंच ठेव.”

“करडं असलं तर लोकांना वाटेल बिघडलंय.”

“वाटू दे. मलाही तसंच वाटायचं.”

वाचनालयाबाहेर पडल्यावर पायरीवर उभं राहून तिने लुबोमिरला निरोप लिहिला. कारणं लिहिली नाहीत. ‘माझं चुकलं. तू म्हणशील तेव्हा, म्हणशील तिथे येते. नाही म्हणालास तरी कळव.’ पाच वाजले होते. चौकापर्यंत पोहोचायच्या आत निरोपाखालच्या दोन खुणा निळ्या झाल्या. त्याने वाचला होता.

रविवारी हिवाळी वेळ लागू झाली, शहरातली घड्याळं तासभर मागे गेली. वेधशाळेतली खरी घड्याळं कधीच मागेपुढे जात नसत. घरातली तिने हाताने फिरवली. सोमवारी उत्तर आलं नाही. मंगळवारी इगाचा फोन आला, की तिने काम सुरू केलंय, आणि जेवतेस ना? बुधवारी एक नोव्हेंबर, मृतांचा दिवस. सगळं शहर शेवंतीच्या कुंड्या आणि मेणदिवे घेऊन दफनभूमीकडे निघालं होतं. पुलावर ट्रामी खच्चून भरल्या होत्या. इर्मिना चालत गेली.

ती लवकर निघाली होती, तो तिथे भेटेल म्हणून; आणि रस्ता लांबचा घेतला होता, तो भेटेल म्हणूनच. बोग्नाच्या दगडापाशी कोणी नव्हतं. पाचोळा झाडून घेतलेला होता. पांढरी शेवंती होती, आणि लाल काचेतला एक दिवा पेटलेला. मेण बोटभर उतरलं होतं. अशा दिव्याला बोटभर उतरायला तास लागतो. म्हणजे तो सकाळी नऊच्या सुमाराला येऊन गेला होता. गर्दीच्या आधी, तिच्या आधी.

तिने आपला दिवा त्याच्या शेजारी ठेवला, मग जरा दूर सरकवला. काडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा वात पेटली.

दहा वाजले होते. शनिवारच्या पाचपासून, मागे गेलेला तो एक तास धरून, नव्वद तास. पंच्याऐंशी तर पहाटे पाचलाच संपले होते, ती जागी असताना. तिने फोन काढून एकदा पाहिला आणि खिशात ठेवला. या वेळी त्यात गणिताची कुठलीच चूक नव्हती, त्याच्या घरापर्यंतचं अंतर एकाच शहरातलं होतं, आणि निरोप पोहोचला होता.