श्रीमंतचा उजवा हात

माझ्या दाजींचं नाव श्रीमंत पवार. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं आम्ही त्यांना तोंडावर म्हणायचो आणि तेही हसायचे. सदतीस सालच्या निवडणुकीत मागासलेल्या जमातींसाठी ठेवलेल्या जागेवर ते निवडून आले आणि मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात मेंबर झाले. पण मेंबर झाले म्हणून त्यांची हजेरी काही सुटली नाही. आम्ही पारधी, सरकारच्या लेखी जन्मानं गुन्हेगार. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड राहायचं, सकाळ-संध्याकाळ फाटकाशी रांगेत उभं राहून ‘हाजर’ म्हणायचं आणि गाव सोडायचं तर पास घ्यायचा. कायदे करायला निघालेला माणूस कुर्डुवाडीच्या फलाटावर शिपायाला पास दाखवायचा. लोकांना याची गंमत वाटे. मला संताप यायचा, आजही येतो.

त्या पावसाळ्यात फाटकावरच्या जमादारानं भिमाला मारलं. भिमा हा ज्ञानूतात्यांचा एकुलता एक मुलगा, आणि ज्ञानूतात्या म्हणजे आमच्या पंचायतीचे सगळ्यात जुने पंच. भिमा गिरणीत साच्याच्या यंत्रावर होता. एक दिवस बदली कामगार आला नाही म्हणून त्याला गिरणीत थांबवून घेतलं आणि संध्याकाळची हजेरी चुकली. तो धावतच आला. जमादारानं त्याला फाटकाच्या खांबाला बांधलं आणि आम्ही सगळे रांगेत उभे असताना लाठीनं झोडपलं. आधी तो गिरणीचं कारण सांगत होता, मग नुसता ओरडत होता, मग तेही थांबलं. लाठी मात्र थांबली नाही. त्याचा एक डोळा बाहेर आला होता. तात्या पुढं झाले तेव्हा दोन शिपायांनी त्यांना चिखलात दाबून धरलं. उजाडायच्या आत भिमा गेला. कागदावर लिहिलं गेलं की कैदी पळताना दगडावर पडून मेला.

जमादार पक्का बेरकी. लोक खवळलेत हे बघून तो मोठ्यानं म्हणाला, “मला कशाला शिव्या देता? पोरगं पळणार हाय ही खबर तुमच्या मेंबरनंच दिली की.”

विष असं पेरतात. भिमाला मारलं त्याच दिवशी दाजी वस्तीच्या साहेबाच्या कचेरीत पास मागायला गेले होते, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. पुढच्या आठवड्यात कायदेमंडळाची पावसाळी बैठक पुण्याला होती. भिमाच्या मरणाची चौकशी व्हावी असा ठराव दाजी मांडणार होते. त्यासाठी त्यांना हवी होती ती मार पाहणाऱ्यांची जबानी, खाली आंगठ्यांसकट. पण दाजी ज्या दाराशी जातील ते दार बंद होत होतं.

शेवटी तात्यांनी पंचायत बसवली. म्हणाले, “श्रीमंता, तुज्यावर आळ हाय. आपल्यात आळ कसा फिटतो ते तुला ठावं हाय.”

“ठावं हाय. तेल तापवा.”

माझी बहीण मायाक्का मधे पडली. “तात्या, ह्यो हात गेला तर तुमच्या भिमासाटी कागुद कोन धरंल? आवो, जमादाराला सोडून ह्येंना का जाळताय?”

तात्यांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, हे तिला कळत होतं आणि मलाही कळत होतं. पण मुलगा गेलेल्या म्हाताऱ्याला कोण शहाणपण शिकवणार?

कढईत करडईचं तेल उकळलं. त्यात चांदीचा रुपया टाकला. हात भाजतोच, ते आमच्यात कोणी नाकारत नाही. रुपया काढायचा आणि न टाकता, न ओरडता पंचाच्या तळहातावर ठेवायचा. ठेवला तर माणूस खरा. दाजींनी बाही सारली आणि मनगटापर्यंत उजवा हात आत घातला. तेल चरचरलं. रुपया तळाशी सरकला, बोटं त्याच्या मागं गेली. मला वास आला आणि मी तोंड फिरवलं. परत पाहिलं तेव्हा दाजींनी खालचा ओठ दातांनी फाडला होता, हनुवटीवरून रक्त गळत होतं, आणि बोटांची कातडी सोलून लोंबत होती. त्यांनी रुपया तात्यांच्या तळहातावर ठेवला. तात्यांनीही मूठ मिटली आणि उघडली नाही. त्यांचाही हात भाजला.

“खरा हाय,” तात्या म्हणाले. मग त्यांनी रीत सांगितली, ती आम्हा सगळ्यांना पाठ होती. “आता ह्या हाताबद्दल कुनापुडं खोटं बोलायचं न्हाय. बोललास तर दिव्य फुकट, आन् आमचं आंगठंबी खोटं.”

त्या दिवशी अख्ख्या वस्तीनं आंगठे दिले, बायकांनीसुद्धा.

दाजींना कागद धरता येईना म्हणून मी पुण्याला बरोबर गेलो. हाताला फडकी गुंडाळलेली, त्यातून पाणी पाझरत होतं, अंगात ताप. कायदेमंडळाच्या पायरीवर दाजींच्या पक्षाचे चिटणीस भेटले. भले गृहस्थ होते, ठरावाला मतं त्यांनीच जमवली होती. सगळा प्रकार ऐकून ते पांढरे पडले. म्हणाले, “पवार, हे आत बोलू नका. कोणी विचारलंच तर स्टोव्हचा भडका उडाला म्हणा. मतं आपल्या बाजूनं आहेत, एवढ्यानं फिरतील.”

दाजी पायऱ्या चढू लागले.

मी वर प्रेक्षकांत बसलो. दाजींनी ठराव मांडला. फाटक, खांब, लाठी, डोळा, एकेक सांगितलं. खालचे सभासद पुढं झुकून ऐकत होते. एकानं चष्मा काढून पुसला. मला वाटलं, झालं, जिंकलो. तेवढ्यात समोरच्या बाकावरचे एक बागायतदार उठले, आणि मला वाटतं अगदी सहज, काळजीनंच त्यांनी विचारलं, “अध्यक्ष महाराज, सन्माननीय सभासदांच्या हाताला काय झालं, ते कळेल का?”

चिटणिसांनी मान वळवून दाजींकडं पाहिलं. मी मनात म्हणत होतो, स्टोव्ह म्हणा दाजी, स्टोव्ह.

दाजी म्हणाले, “माज्यावर आळ आला होता. मी उकळत्या तेलातून रुपया काढला. त्याशिवाय लोकांनी ह्या कागदावर आंगठं दिलं नसतं.”

कोणीतरी हसलं. बागायतदार मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “म्हणजे ही जबानी उकळत्या तेलानं मिळवलेली आहे. तिची किंमत काय धरायची? आणि जे लोक आपल्याच मेंबरचा हात तळतात, त्यांना उद्या तारेबाहेर सोडा म्हणाल?”

“माजा हात मी सोताहून घातला,” दाजी ओरडले. “भिमाला बांदलं व्हतं. ह्यात फरक न्हाय काय?”

फरक होता. सगळ्यांना दिसत होता. पण आता ते भिमाकडं बघतच नव्हते, फडक्यांकडं बघत होते. मतं मोजली आणि ठराव पडला. चिटणीस आमच्याशी न बोलता निघून गेले.

आम्ही सोलापूरला परतलो तेव्हा तात्या फाटकाशी उभे होते. तळहाताला त्यांनी पाला बांधला होता. “भिमाचं काय झालं?” त्यांनी विचारलं.

मी काहीतरी गुळमुळीत सांगणार होतो, पण दाजींनी मला बोलू दिलं नाही. चिटणिसांनी काय सुचवलं होतं, हाताचा प्रश्न कोणी विचारला, आपण काय उत्तर दिलं आणि मतं कशी फिरली, सगळं सांगितलं.

तात्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “चिटनिसानं सांगितलं व्हतं, स्टोव म्हन?”

“व्हय.”

“म्हनला असतास तर चौकशी लागली असती?”

“लागली असती.”

“मग म्हनला का न्हाईस?”

“तात्या, तुमीच सांगितलं व्हतं. खोटं बोललास तर दिव्य फुकट.”

तात्यांनी दाजींच्या तोंडात मारली. त्या भाजलेल्या हातानंच मारली, पाला सुटून खाली पडला. “माज्या पोरासाटी एक खोटं बोलाय येईना तुला?” ते म्हणत होते आणि मारत होते. दाजींच्या नाकातून रक्त आलं, आधीच फाटलेला ओठ पुन्हा फाटला. ते जागचे हलले नाहीत. मायाक्का धावली तर दाजींनीच तिला डाव्या हातानं मागं सारलं. तात्या थकले तेव्हा दाजींच्या छातीवर डोकं टेकून रडू लागले, आणि तिकडं फाटकावरचा जमादार हसून हसून बेजार झाला होता.

दोघांतलं कोण बरोबर, हे मला विचारू नका. दाजींसारखा खरा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवायला मी केव्हाही तयार आहे. पण त्या बाकावर मी असतो तर स्टोव्ह म्हणालो असतो.