सत्तावीस नंबरचा फ्रॉक

बत्तीस वर्षं बालगृहात कपडे धुतले मी. साठ पोरं. चेहरे सगळ्यांचे वेगळे, पण चड्ड्या सगळ्यांच्या सारख्याच. म्हणून नंबर. प्रत्येक पोराचा एक नंबर, कॉलरच्या नाहीतर कमरपट्टीच्या आत लाल दोऱ्याने मी शिवलेला. शनिवारी धुतलेले कपडे मोठ्या टेबलावर ओतायचे, आणि ज्याने त्याने आपला नंबर शोधून न्यायचा. बिननंबरचा कपडा आला की तो सगळ्यांचा, ज्याच्या हाताला लागेल त्याचा. नियम माझाच. रडायचं नाही, माझ्याकडे तक्रार आणायची नाही. कडक होतो मी. नसतो तर पोरांनी मलाच टेबलावर घालून वाटून घेतलं असतं.

मग वरून ठरलं, मुलांनी इमारतीत नाही, घरात वाढायचं. ज्यांची कुठे आजी होती, काका होते, ती तिकडे गेली. ज्यांचं कुणीच नव्हतं त्यांना सांभाळणारी घरं शोधली. हे सगळं एक ताई बघायची. बगलेत फाइल नाही असं मी तिला कधी पाहिलं नाही, म्हणून आमच्यात ती फाइलताई. वाईट ठरलं असं मी म्हणत नाही. पण दर शनिवारी टेबलावरचा ढीग जरा जरा खाली बसत गेला, आणि शेवटी एकाच पोरीचे कपडे उरले. सत्तावीस नंबर. वय नऊ. वाद घालायला लागली की समोरचा दमायचा, म्हणून तिला सगळे वकीलबाई म्हणायचे.

मग तीही गेली. बेकरीत काम करणारी एक बाई, नवरा बस चालवतो, मूलबाळ नाही. फाइलताई म्हणाली, "मामा, महिनाभर बघू. रुळली तर कायमची तिकडे, आणि बालगृहाला कुलूप. नाही रुळली तर दुसरं घर मिळेपर्यंत परत इथे."

मी मान हलवली. आणि तिच्या खाटेवरची चादर दर शनिवारी बदलत राहिलो. कुणी झोपत नव्हतं तिच्यावर, तरी.

चोविसाव्या दिवशी फाइलताईचा फोन.

"मामा, पोरगी धुवायला कपडेच देत नाही. दहा दिवस अंगात एकच फ्रॉक. बाकीचे पिशवीत कोंबलेत, पिशवी उशाशी. विचारलं तर गप्प."

"वकीलबाई आणि गप्प?"

"तेच ना. बाई म्हणते, हिला राहायचंच नाही, सामान बांधून बसलीय. रडत होती बिचारी. कपड्यांचं तुम्हाला कळतं. जाऊन याल?"

खोटं कशाला बोलू, फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. तिची खाट जरा खिडकीकडे सरकवून ठेवली. मग निघालो.

दार बाईनेच उघडलं. डोळे सुजलेले. लहानसं घर, दोन खोल्या, एका खोलीत पोरीसाठी नवीन टेबल. मला चहा दिला आणि समोर बसली.

"मामा, माझं काय चुकलं ते तरी सांगा. सहा नवे फ्रॉक आणले. जुन्या कपड्यांवर ते नंबर होते, कैद्यासारखे. मला बघवेना. एका बैठकीत सगळे उसवले. नखं दुखेपर्यंत."

मला तिथेच कळलं. आणि कळूनही मी गप्प बसलो. अर्धा कप चहा होईपर्यंत गप्प. "पोर नाही रमत, नेतो मी," एवढंच म्हणायचं होतं. बाईने हातावर हात ठेवून ऐकून घेतलं असतं. बालगृह आणखी काही महिने चाललं असतं, शनिवारी टेबलावर काहीतरी पडलं असतं.

तेवढ्यात पोरगी आली. फ्रॉकला आंबूस वास, हातात पिशवी.

"मामा, मला न्यायला आलात?"

फ्रॉकच्या कॉलरला दोऱ्याची भोकं दिसत होती. त्या भोकांवरून तिचा सत्तावीस वाचता येत होता अजून. मी कप खाली ठेवला.

"कपडे का देत नाहीस गं धुवायला?"

"नंबर नाहीत त्यांना."

"मग?"

"मग ते सगळ्यांचे होणार. तुम्हीच म्हणायचात."

बाई उठायला गेली होती, ती परत खाली बसली.

"सगळ्यांचे म्हणजे कुणाचे? मोज बघू."

तिने बोटांवर मोजलं. "मावशी. काका. मी."

"हा फ्रॉक मावशीला होईल?"

तिने बाईला वरपासून खालपर्यंत मापलं. "दंडात अडकेल."

"आणि काकांना?"

नवरा दारात उभा होता, पोट दाराच्या अलीकडे. म्हणाला, "मला रुमाल म्हणून चालेल."

कुणी हसलं नाही. वकीलबाई विचारात होती. "पाहुणे आले तर? त्यांची मुलगी माझ्याएवढी असली तर?"

"तर ती तिचे कपडे घालून येईल. नागडी येणार आहे का इतक्या लांबून?"

आत जाऊन तिने अंगातला फ्रॉक काढला आणि धुवायला दिला. दहा दिवसांत पहिल्यांदाच.

बाईचा झगा अंगात घालून ती कपडे धुवायच्या मशीनसमोर बसली, बाह्या चार वेळा दुमडलेल्या. मशीनला पुढून गोल काच. बाई तिच्याशेजारी जमिनीवरच बसली, मी स्टुलावर. फ्रॉक काचेवर आला की पोरगी बोट लावायची. "आला." गेला की बाईकडे बघायची. थोड्या वेळाने बाईच म्हणायला लागली, "आला." पाऊण तास चाललं ते. बाहेर काढल्यावर सवयीने तिने आधी कॉलर उलटी केली. काही नव्हतं. तरी फ्रॉक अंगाला लावून बघितला, आणि मग पिशवीची गाठ सोडून बाकीचे सगळे मशीनमध्ये कोंबले.

वाळत घालताना मी चिमट्यासाठी वाकलो.

"मामा, तुमच्या कॉलरला सहा नंबर आहे."

आहे. मीही तिथलाच. पाच वर्षांचा असताना कुणीतरी आणून सोडलं, तेव्हा मिळालेला नंबर. प्रत्येक नव्या शर्टाला शिवत आलोय.

"पण आता तिथे दुसरं कोण आहे?" ती म्हणाली. "तुमचा शर्ट कोण नेणार?"

"चिमटा दे इकडे," मी म्हटलं.

फाइलताईला फोनवर सांगितलं, रुळली. कुलपाचं बघा. पुढच्या शनिवारी तिच्या खाटेवरची चादर काढून धुतली, सोबत माझा शर्ट. आमची दोरी साठ पोरांच्या मापाची. एका टोकाला चादर, दुसऱ्या टोकाला शर्ट, मधे नुसती दोरी.

वाळल्यावर कात्री घेऊन बसलो. दोन टाके उसवले, तिसऱ्याला हात थांबला. शर्ट मोठ्या टेबलावर टाकला आणि उगाच बाहेर जाऊन उभा राहिलो. मग आत आलो, कॉलर उलटी करून सहा नंबर बघितला, आणि घेऊन गेलो.