दोराचं शेवटचं टोक

उत्तरेकडचा तो दुर्गम भाग डोळे भरून बघायला माणसं कुठून कुठून येतात म्हणे. थोरलीनं त्या सहलीत काय पाहिलं असेल, तर आपल्याच संघातल्या मुलींच्या पाठी.

कारण बघण्यासारखं काही आलं की क्रीडाशिक्षक बस थांबवत आणि म्हणत, "दोर काढा." धबधबा आला, दोर काढा. पडका बुरूज आला, दोर काढा. मुलींनी रस्सीखेचीचा चषक आणला म्हणून कॉलेजनं ही सहल बक्षीस दिली होती, आणि सरांना जागोजागचा ओढतानाचा व्हिडिओ प्राचार्यांना पाठवायचा होता. बक्षीस मुलींचं आणि पुढच्या सीटवर कोण, तर सरांची बायको, तिचा भाऊ आणि त्या दोघांच्या पिशव्या. चषकसुद्धा या मेहुण्याच्याच मांडीवर. ज्यानं उभ्या जन्मात सुतळी ओढली नव्हती, तो तळ्याकाठी चषक उंचावून फोटो काढून घेत होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. थोरलीला त्याच्या हातातून चषक हिसकावून घ्यावासा वाटे आणि ती गप्प बसे.

गप्प बसायला कारण होतं. रस्सीखेचीत सगळ्यात दणकट मुलगी शेवटी उभी राहते. दोर तिच्या काखेतून पाठीवर जातो आणि खांद्यावरून पुन्हा पुढे येतो. बाकीच्या ओढतात आणि ती खुंट्यासारखी रोवून असते. अंगापिंडानं सगळ्यांत मोठी म्हणून ती थोरली, आणि सर्वांत पुढे उभी राहणारी चिमुरडी ती धाकटी. शेवटच्या जागेवरून सगळ्या दिसतात, पण तिथली कुणालाच दिसत नाही. ओढत ओढत मागे सरकायचं आणि मागे बघायचं नाही. मान वळली की जोर गेला. सर सरावात घसा फोडून सांगत, "मागं बघायचं नसतं. मागं बघायला मी आहे." दुसरा नियम याहून कडक होता. जिनं दोर सोडला, ती संघातून बाहेर.

थोरलीचे गुण बेताचे, प्रवेश खेळाडूंसाठी राखलेल्या जागेवर. संघातून बाहेर म्हणजे कॉलेजातूनही बाहेर. आई दवाखान्यातल्या चादरी धुवायची आणि ओळखीच्या-बिनओळखीच्या प्रत्येकाला सांगायची, माझी लेक कॉलेजात जाते. त्या एका वाक्यासाठी थोरलीनं सरांचं बरंच काही गिळलं होतं.

त्या दिवशी घाटात सरांना दरीचा फोटो हवा झाला. त्यांनी बस अगदी कडेला घ्यायला लावली.

"कडेची माती ओली आहे," ड्रायव्हरकाका म्हणाले.

"काका, तुम्ही फक्त चालवा."

काकांनी चालवली आणि मागचं चाक निम्मं चिखलात गेलं. काका उतरले, चाक पाहिलं, पुढच्या वळणापर्यंत चालत जाऊन आले आणि सरांना बाजूला घेऊन काहीतरी सांगू लागले. सरांनी माशी हाकलावी तसा हात हलवला आणि मुलींकडे वळले. चेहऱ्यावर दिवाळी.

"दोर काढा. बस ओढणाऱ्या विजेत्या! याहून भारी व्हिडिओ आयुष्यात मिळायचा नाही."

"दगड घालू ना चाकाखाली," काका म्हणाले. "नाहीतर दोर खांद्यावर घेऊन, तोंड पुढं करून ओढू दे त्यांना."

"अहो, ती काय बैलं आहेत? स्पर्धेत ओढतात तसंच ओढतील."

दोर बसच्या पुढच्या हुकाला बांधला गेला. मुली बसकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पाठीमागे रस्ता वळतो हे थोरलीनं पाहिलं होतं. पण सर आहेत ना बाजूला, ते सांगतील. तिनं दोर अंगावर घेतला आणि टाचा रोवल्या.

"धर... ओढ. धर... ओढ." सरांच्या एका हातात फोन आणि डोळे फोनमध्ये. बस कुरकुरली, हलली, चाक वर आलं. मुली एकेक पाऊल मागे सरकू लागल्या. आता थांबायला हवं होतं. पण बस चालू लागलेली छान दिसत होती, म्हणून सर ओरडतच राहिले. तेवढ्यात काकांनी हॉर्न दाबला, तो सोडलाच नाही. दोर अचानक जड झाला; काकांनी ब्रेक दाबला होता.

"शाब्बास, काकापण जोशात आले! जोर लावा!"

थोरलीच्या टाचेखालून एक दगड सुटला. तो घरंगळल्याचा आवाज आला आणि पडल्याचा आलाच नाही.

तिनं मागं पाहिलं. रस्ता केव्हाच वळून बाजूला गेला होता. तिच्या मागे कठडा नव्हता, झुडूप नव्हतं, काहीच नव्हतं.

"सोडा," ती किंचाळली आणि तिनं दोर अंगावरून फेकला. सगळ्या मुली धपाधप चिखलात बसल्या.

सर धावत आले. "दोर सोडलास? चालू व्हिडिओत?"

मुली चिडून मागे वळल्या, आणि थोरली कुठे उभी आहे ते त्यांना दिसलं. धाकटीनं तोंडावर हात ठेवला.

काका बसमधून उतरले. "वळणाला कठडा नाही, दरी आहे, हे मी आधीच सांगितलं होतं तुम्हाला."

"माझं लक्ष होतं," सर म्हणाले. "मी थांबवणारच होतो."

म्हणजे यांना माहीत होतं. थोरलीला राग आला. आजवर गिळलेला सगळा एकदमच वर आला, इतका की तिची भीती त्यात कुठल्या कुठे गेली. चादरी पिळून पिळून फुगलेले आईचे हात तिला आठवले आणि राग आणखी वाढला.

"लक्ष फोनमध्ये होतं, सर."

"उलट बोलायचं नाही. नियम म्हणजे नियम. दोर सोडलास, तू संघातून बाहेर."

"बरं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "मग माझी जागा रिकामी झाली. व्हिडिओ अर्धवट राहिलाय. फोन द्या इकडे, मी काढते. तुम्ही उभे राहा."

सर हसले. एकही मुलगी हसली नाही. धाकटी उठली, चिखलाचे हात पँटला पुसले आणि आपल्या जागेवर दोर धरून उभी राहिली. मग तिच्यामागची उठली, मग तिच्यामागची.

"दाजी, राहा की उभे," खिडकीतून मेहुणा म्हणाला. चषक अजून त्याच्या मांडीवर होता. "झक्कास येईल व्हिडिओ."

नाही कसं म्हणणार? सरांनी फोन दिला. जाऊन दोराचं शेवटचं टोक उचललं, थोरलीच्या टाचांनी उकरलेल्या खड्ड्यांत बूट ठेवले. आणि मान वळवली.

"सर," धाकटी म्हणाली, "मागं बघायचं नसतं."

थोरलीनं फोनवरची नजर वर उचलली नाही. "मागं बघायला मी आहे ना."

सरांनी दोर सोडला.

रोजच्यासारखाच, त्यांच्याच फोनवरून, त्या दिवशीचाही व्हिडिओ प्राचार्यांकडे गेला. फक्त तो थोरलीनं पाठवला.