घट्ट दाराचा फ्रिज

मी एक जुना फ्रिज आहे, मित्रांनो. पांढरा, गोल खांद्यांचा, आणि दार असं की एकदा लागलं की मुंगीलाही आत यायची सोय नाही. अमेरिकेत, मोंटानातल्या हॉगेन दांपत्याच्या स्वयंपाकघरात माझी उमेदीची वर्षं गेली. हरणाचं मांस, लोणी, अंडी सगळं सांभाळलं. पाहुण्यांसमोर आर्डिसबाई माझ्यावर थाप मारून म्हणत, "असं दार आता मिळत नाही!" मी फुगायचो.

मग नवा फ्रिज आला. माझी वायर काढली, तसे दिवा आणि गुरगुर दोन्ही गेले. माझी भाषा तेवढीच होती. मला गॅरेजात ढकललं आणि आर्डिसबाईंच्या नवऱ्याने, व्हर्लिनने, माझ्यात बारूदीचे डबे भरले. शिकारीची काडतुसं तो घरीच भरतो. मध्यंतरी बाजारात टंचाई झाली, तेव्हापासून दिसेल तो डबा आणतो आणि वापरत मात्र नाही. पुन्हा टंचाई आली तर? म्हणजे शिकारीसाठी जमवलेलं शिकारीलाच मिळत नाही! नवे डबे पुढे, जुने मागे. फ्रिज कसा लावतात हे या माणसाने जन्मात कधी पाहिलं नसावं.

गॅरेज उन्हाळ्यात भट्टी होतं. मागचा एक डबा आंबट वास सोडू लागला. झाकण गंजलं, कडेला तांबूस भुकटी जमली. मित्रांनो, नासणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये. नासलेली बारूद आपोआप तापते, आणि पेटली की तिला बाहेर पडायला वाट लागते. माझ्या दारातून वाट? आणि भिंतीपलीकडेच आर्डिसबाईंची उशी. सांगणार कोणाला आणि कसं?

एका रविवारी सगळे अंगणात मांस भाजत होते. शेजारचा ड्वेन बिअर शोधत गॅरेजात आला आणि त्याने मला उघडलं.

"शी! व्हर्लिन, काय मेलंय रे यात?"

"बारूदीचा वास आहे तो. तुला मासे पकडणाऱ्याला काय कळणार!"

आर्डिसबाई हातातल्या चिमट्यासकट आल्या. वाकून हुंगलं, डब्याला बोट लावून पाहिलं.

"हे नासलंय."

"अगं, बारूद नासायला ती काय दूध आहे?"

"दूध नासलं तर कॉफी बिघडते, व्हर्लिन. हे नासलं तर माझ्यासाठी नवीन उशी आणायचीही गरज उरणार नाही. तो डबा बघ. बाकीच्या डब्यांपेक्षा हाच गरम कसा लागतोय?"

व्हर्लिनने हात लावला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने बायकोचं लगेच ऐकलं. त्याने सगळ्यांना अंगणाच्या टोकाला नेलं आणि अग्निशमन दलाला फोन केला.

त्यांनी तो डबा नेला. जाताना त्यांची प्रमुख माझं दार लावून बघत म्हणाली, "दार फार छान आहे हो. म्हणून तर याचा बाँब झाला असता."

आयुष्यभराच्या कौतुकाचा हा हिशेब.

चांगले डबे आता तळघराच्या गारव्यात, साध्या लाकडी कपाटात आहेत. प्रत्येकावर त्याचं मूळ लेबल, आणि काडतुसाच्या बुडाशी बसवून बार उडवणाऱ्या ठिणगीच्या टोप्या वेगळ्या, लांब. आर्डिसबाई दर महिन्याला जाऊन हुंगतात. व्हर्लिन कुरकुरतो, पण आधी जुनाच डबा उघडतो.

माझं दार मात्र काढलं. मी आता कोंबड्यांच्या आवारात आहे. एक तांबडी कोंबडी माझ्या खालच्या खणात अंडी घालते. तेव्हा मित्रांनो, जमवायचं ते जमवा. पण अधूनमधून दार उघडून नाक आत घालत जा. प्रत्येक घरी बिअर शोधणारा ड्वेन असतोच असं नाही.