दहा वर्षांचा रंग

सुधीररावांनी नमुन्याच्या फळीवर किल्लीने ओरखडा काढला, चष्मा कपाळावर सारून तो जवळून पाहिला आणि दुसरी फळी मागितली. या खरेदीतून त्यांना मिळवायचं होतं ते फार नव्हतं: मागच्या खोलीचं दार, खिडकी आणि भिंतीच्या पायथ्याची लाकडी पट्टी एवढ्याला पुरेल असा रंग, ज्याच्या वासाने नीलाला खोकला येणार नाही. पण माणूस दुकानाची पायरी चढला की त्याची मागणी वाढते. तिसरी फळी हातात येईपर्यंत सुधीररावांना तो रंग टिकाऊही हवा झाला होता.

"भाऊसाहेब, मी रंग इकतो, फल्या न्हाय," केसरीनाथ गल्ल्यावरून म्हणाला. "पार आरपार भोक पाराल."

कशेळीकडची भातजमीन गोदामवाल्यांना देऊन केसरीनाथने हे दुकान टाकलं होतं. लहानपणी शाळेचा दाखला त्याने सुधीररावांच्याच हातून घेतला होता, त्यामुळे तो त्यांना मान देई आणि त्यांची चेष्टाही करी.

"वास नसलेला यातला कुठला?"

"ह्यो डाव्या हाताचा. नवीन आलाय, पान्यात कालवायचा. सकाली मारा, दुपारी वालला, रातीला खुशाल झोपा."

"आणि टिकतो किती?"

"दोन वर्सं. लय जपलात तर अडीच."

सुधीररावांनी डाव्या हातातली फळी खाली ठेवली. "आणि हा?"

"त्यो ऑइलपेंट. दहा वर्सं मरन न्हाय त्याला. पन शेवटच्या हातानंतर पंधरा दिस खोलीत कुनी झोपू नका, डोकं उठंल." केसरीनाथने पेन्सिल कानामागून काढली. "तुमाला किती वर्सं पायजेत, ते सांगा."

हा प्रश्न तो दिवसातून वीसदा विचारत असे आणि लोकही चटकन उत्तर देत: भाडेकरूसाठी एक, लग्नकार्यापुरती दोन, स्वतःला जमेल तेवढी. सुधीरराव मात्र खाली ठेवलेली फळी पुन्हा उचलून पाहू लागले.

"खोली हाय कुनासाठी?"

"मुलगी आलीय. नीला."

"बालंतपनाला?"

सुधीरराव किल्ली खिशात ठेवू लागले. खिसा सापडायला वेळ लागला. "तसंच काहीसं."

"मंग इचार कसला करताव? पान्यातलाच न्या. तान्ह्या बालाला वास वंगाल. आनि पोर काय, सव्वा महिना र्‍हाईल नि जाईल. दोन वर्सं लय झाली."

"दहाचा दे," सुधीरराव म्हणाले. "पिस्ता रंगात."

नीला सव्वीस वर्षांची. कल्याणला दिलेली. दोन वर्षं खोकत होती, मग कळलं की फुफ्फुसं आकसत चालली आहेत. सासरच्यांनी तिला हवापालटासाठी म्हणून माहेरी आणून सोडलं. हवापालटाला यंत्रमागांच्या भिवंडीत आलेलं माणूस तिथल्या निजामपुरा वस्तीने त्याआधी पाहिलं नव्हतं. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं: धूळ नको, कापूस नको, उग्र वास नको. मग ते म्हणाले, "जरा बाजूला येता का?" तेवढ्यात सुधीररावांना औषधाची चिठ्ठी घेऊन खाली दुकानात जाण्याची घाई झाली, आणि बाजूला त्यांची बायको सुमती गेली. खाली रांग नव्हती. तरी सुधीरराव बऱ्याच वेळाने वर आले. सुमतीने काही सांगितलं नाही, त्यांनी काही विचारलं नाही. तीस वर्षांच्या संसारात एवढी सोय दोघांनी एकमेकांची केलीच होती.

घर दोन खोल्या नि स्वयंपाकघराचं. पुढच्या खोलीसमोर, गल्लीपलीकडे कापडाचे चोवीस लूम, त्यांचा कापूस हवेत उडे. मागची खोली विहिरीच्या अंगाला, तिथे कापूस कमी येई, पण तिथल्या दारखिडक्यांचा जुना रंग पोपडे धरून झडत होता, आणि ती भुकटी नीलाच्या छातीत जायला नको होती. रंग देणं भाग होतं. कुठला, एवढाच प्रश्न. सुधीररावांच्या आईने त्यांना लहानपणापासून शिकवलं होतं की घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. जे बोलू नये, ते विकत घेऊन घरात आणावं तरी कसं? दोन वर्षांचा रंग दाराला लावायचा आणि वास्तूने ते ऐकायचं. दहा वर्षं म्हणजे नीला छत्तीस. तो आकडा त्यांना बरा वाटला.

सुमतीने डब्याचं झाकण उचकटून वास घेतला आणि लगेच बंद केलं.

"हिला चालेल हा?"

"पंधरा दिवसांत वास जातो. तोवर पुढच्या खोलीत झोपेल."

सुमतीने झाकण ठोकून घट्ट बसवलं. मग पुढच्या खिडकीला ओली चादर बांधायला गेली.

पंधरा दिवसांचा हिशेब महादूने पहिल्याच दिवशी मोडला. महादू रंगारी. निजामपुऱ्यात ऑइलपेंट मारायचा तर शुक्रवारी, हा त्याचाच काय, सगळ्या रंगाऱ्यांचा नेम. त्या दिवशी लूमना सुट्टी. एरवी ओला रंग दिवसभर वाळत राहतो आणि हवेतला कापूस त्यावर बसतो. मागच्या खोलीत कापूस कमी असला तरी रंग नासायला चार तंतू पुरे.

"म्हणजे किती शुक्रवार?" सुधीररावांनी विचारलं.

"खरवडून अस्तर एक. मग दोन हात. तीन धरा."

बुधवारी आलेली नीला पुढच्या खोलीत खाटेवर पडून ते शुक्रवार मोजू लागली. ओली चादर दुपारपर्यंत वाळे, मग कापूस आत येई. उशीवर जमलेला कापूस ती चिमटीने उचलून मांडीवर वळे आणि आईला हाक मारी, "घे, देवाला वाती. लूमवाल्या शेटला पुण्य लागू दे." हसली की खोकला येई, म्हणून ती हसण्याआधी थांबायला शिकली. मागच्या दाराच्या फटीत सुमतीने ओलं गोणपाट कोंबलं होतं, तरी टर्पेंटाइनचा वास यायचाच.

"बाबा, दार आधी बरं होणार की मी?" तिने दुसऱ्या शुक्रवारी विचारलं.

"दोघंही," सुधीरराव म्हणाले आणि महादूचा ब्रश स्वच्छ आहे की नाही ते पाहायला आत गेले.

तिसऱ्या आठवड्यात वीज दोन दिवस गेली होती. ती भरून काढायला शेटने शुक्रवारीही लूम चालवले. सकाळी आठला महादूने शेवटचा हात सुरू केला, नऊला खटखट सुरू झाली. दुपारी पिस्ता दारावर मिशीच्या खुंटांसारखी बारीक पांढरी लव दिसू लागली.

"राहू द्या," महादू म्हणाला. "जवळून बघितलं तरच दिसतं. मागच्या खोलीत कोण येतंय बघायला?"

"राहू द्या हो," सुमतीही म्हणाली. तिने हे एकदाच म्हटलं, पण पदराला हात पुसत ती तिथेच उभी राहिली.

"पापुद्रे तिथूनच सुटतात," सुधीरराव म्हणाले. "दहा वर्षं टिकायचाय तो. घास आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा मार."

चौथ्या शुक्रवारी रंग आरशासारखा बसला. शनिवारी दुपारी सुधीरराव समाधानाने पुढच्या खोलीत येऊन खाटेशेजारी बसले.

"वास नसलेला मिळतच नव्हता का, बाबा?" नीलाने विचारलं.

"होता एक. पाण्यातला."

"मग?"

"दोनच वर्षं टिकतो तो."

नीलाने श्वास घेतला. हल्ली ती वाक्याआधी श्वास जमवून ठेवी, एस.टी.त चढण्याआधी सुटे काढून ठेवावेत तसा.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "एवढी मला डॉक्टरांनीसुद्धा नाही दिलीत. सहा महिने म्हणालेत, फार तर. आईला विचारा."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं.

"घरात असं बोलू नये," सुधीरराव म्हणाले.

"म्हणून तर इतके दिवस बोलले नाही." तिने त्यांच्या बाहीवरचा रंगाचा ठिपका नखाने खरवडून पाहिला. तो निघाला नाही. "पक्का आहे हो. चांगला आणलात. पिस्ता मला आवडतो."

सुधीरराव उठले, मागच्या दाराचं गोणपाट काढून आत गेले आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून शाळेतून आले की ते त्या रिकाम्या खोलीत स्टूल टाकून बसू लागले. डोळ्यांना पाणी येई, डोकं ठणके, तरी छाती भरभरून श्वास घेत राहत, जणू आपण ओढून घेतला तेवढा वास कमी होईल. सुमतीने एकदा दार उघडलं, पाहिलं, आणि चहा स्टुलाजवळ ठेवून गेली.

चाळिसाव्या दिवशी नीला मागच्या खोलीत गेली. नऊ दिवस तिथे राहिली. दहाव्या दिवशी तिला ठाण्याला हलवलं. कशेळीच्या पुलावर ट्रकांची रांग होती, त्यात गाडी पाऊण तास उभी राहिली. ती परत आली नाही.

ही गोष्ट चौऱ्याण्णवची. हिशेब मांडायचाच झाला तर महादूला पाण्यातल्या रंगाच्या एका दिवसाऐवजी चार शुक्रवारांची मजुरी मिळाली, केसरीनाथचा डबा खपला, आणि सुधीररावांना पंचवीस दिवस न विचारता राहता आलं. पुढच्या खोलीतले एकोणचाळीस दिवस भरले नीलाने. बाकी सुमती भरते आहे. दर शुक्रवारी लूम बंद असतात तेव्हा ती ओल्या फडक्याने ते दार वरपासून खालपर्यंत पुसते. पाच वर्षं झाली. रंगाचा अजून एक टवकासुद्धा उडालेला नाही.