तीन बोटांची ढील

दादूला ढिली वस्तू खपत नसे. होडीच्या नांगराचा दोर असो, इंजिनाचा पट्टा असो, नाहीतर बायकोने, बायजाने, बांधलेलं मासळीचं फडकं असो, तो हात लावून बघणार, मान हलवणार आणि स्वतः आवळून देणार. सारसोळ्याच्या जेट्टीवरून होड्या धडपणे निघत होत्या तोवर कोणाचंही इंजिन अडलं की माणसं आधी दादूच्या दारात यायची. त्याला स्वतःच्या हातावर भारी विश्वास होता आणि तो खोटाही नव्हता, एवढीच काय ती पंचाईत.

त्याचा एकुलता मुलगा निकेश मात्र पाण्याकडे वळलाच नाही. त्याला वेड मोटारसायकलचं, तेही रस्त्यावरच्या नव्हे. दगडधोंड्यांतून, चिखलातून उड्या मारत पळवायची गाडी त्याने पै पै जमवून घेतली होती. दादूने त्या गाडीला सात वर्षांत बोट लावलं नव्हतं. "चिखलात लोळायला गाडी कशाला पायजे? म्हशींना कोन गाडी देतं?" असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, आणि निकेश ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

पण मग खाडीत मासळी उरली नाही. होडी काठावर उपडी पडली. बायजाचा भाऊ पंढरी तळोज्याला एका रसायनांच्या कारखान्यात होता, त्याने निकेशसाठी शब्द टाकला. निकेश म्हणाला, एक शेवटची शर्यत करतो. त्या शर्यतीला पुण्याच्या एका टीमचा आशुतोष म्हणून माणूस यायचा होता. त्याच्या मनात भरलं तर गाडी टीमची, खर्च टीमचा, वर पगार. नाही भरलं तर तळोजा.

दादूने पंढरीचा खोकला ऐकला होता. चार घरं पलीकडून ऐकू यायचा तो. आपलं पोर त्या धुरात जाण्यापेक्षा चिखलात लोळलेलं परवडलं, हे त्याला तेव्हा पटलं. पण सात वर्षं वाकडं बोललेला बाप एकाएकी सरळ कसा बोलणार? तो नुसताच अंगणात घुटमळायला लागला.

शर्यतीच्या आठवड्यात निकेशने नवी चेन आणली आणि सोबत ती ज्यांच्यावर फिरते ती दातेरी चाकं, पुढचं-मागचं अशी दोन्ही स्प्रॉकेटं. "नुसती चेन बदलून चालत नाय आये. जुने दाते नव्या चेनला खातात," तो बायजाला सांगत होता. पुढचं स्प्रॉकेट एका दात्याने लहान घेतलं, म्हणजे चढावर गाडी दम सोडणार नाही. मागचं पोलादी घेतलं, कारण हलक्या धातूचं चिखल आणि खडी घासून लवकर झिजतं. दादू पाठमोरा बसून जाळ्याची गाठ उगाच सोडत-बांधत होता आणि कान मात्र पोराकडे होते. शेवटी निकेशने चेन चढवली आणि तिच्याखाली तीन बोटं घालून ढील मोजली. ती ढील कशाला ठेवायची हे तो सांगायला लागला, नेमका तेव्हाच दादू विडी ओढायला उठून गेला.

शर्यतीच्या सकाळी निकेश गावदेवीला नारळ ठेवायला गेला. गाडी अंगणात लाकडी ठोकळ्यावर उभी होती. दादू जवळ गेला. आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्याने पहिल्यांदा तिच्यावरून हात फिरवला, टाकीवरून, सीटवरून, आणि मग चेनवरून. चेन लोंबत होती. बोटाने दाबली तर खाली-वर झुलायची. एवढ्या मोठ्या दिवशी पोराकडून अशी कसूर राहिली म्हणून दादूचा जीव गलबलला. त्याने होडीच्या पेटीतला पाना आणला, मागच्या चाकाचा नट सैल केला, दोन्ही बाजू सारख्या मोजून चाक मागे सरकवलं आणि नट पुन्हा कचकचून आवळला. चेन आता नांगराच्या दोरासारखी ताठ. काम अगदी नामी झालं होतं. शर्यत जिंकून आला की मग सांगू, असं त्याने ठरवलं आणि हात धुतले.

नेरूळचा मेकॅनिक रणजीत टेम्पो घेऊन आला. हायवेवर ट्रेलर उलटला होता, तिथे ते असे अडकले की पनवेलपलीकडच्या त्या बंद खाणीत पोहोचेपर्यंत निकेशचा नंबर पुकारत होते. गाडी उतरवली, हेल्मेट चढवलं, आणि निकेश गेला.

पहिल्या फेरीत तो तिसरा होता, दुसरीत दुसरा. दादू कठड्याला धरून उभा होता आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता, "माझा हाय तो. माझा पोरगा." सात वर्षांची वाकडी बोलणी एका सकाळी फिटली असं त्याला वाटलं. तिसऱ्या फेरीत निकेशने मोठ्या उंचवट्यावरून उडी घेतली. गाडी खाली टेकली आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं, गाडी आडवी झाली, निकेश लांब जाऊन पडला.

खांद्याचं हाड मोडलं होतं. तंबूत डॉक्टरने हात गळ्यात बांधला. आशुतोष स्वतः तिथे आला. "चेन काय, कोणाचीही तुटते," तो म्हणाला. "मी दोन फेऱ्या बघितल्यात, मला तेवढं पुरे. हाड भरलं की फोन कर." निकेशचा चेहरा दुखण्यातही उजळला. दादूच्या छातीवरचा धोंडा उतरला.

एवढ्यात रणजीत गाडी ढकलत घेऊन आला. तुटलेल्या चेनने इंजिनाचं कवच फोडलं होतं, तेल गळत होतं. "अरे, ही आवळली कोनी?" तो ओरडला. "हे बघा, चाक केवढं मागं गेलंय! उभ्या गाडीला चेन ढिली दिसते रे. उडी मारून खाली आलं की शॉकअप बसतो, चाक वर जातं, तेव्हा तीच चेन तानते. तीन बोटं सोडतात ती त्याच्यासाठी. हिला तानायला जागाच ठेवली नाय, मग तुटेल नायतर काय!"

 निकेशने एकदाच बापाकडे बघितलं.

"मीच आवळली," तो म्हणाला. "सकाळी."

"शर्यतीच्या सकाळी?" आशुतोषने विचारलं. "आणि निघताना ढील बघितली नाहीस?"

"नाय."

आशुतोषने मान हलवली. "तुटणं वेगळं रे. पण ज्याला आपल्या गाडीची चेन कळत नाही त्याच्या हातात मी माझी गाडी नाही देऊ शकत. सॉरी." आणि तो आपल्या जीपकडे चालायला लागला.

बोलायचं ते दादूच्या ओठांवर आलं होतं. मी आवळली, पोराचा दोष नाय. एवढंच. पण तंबूपाशी गर्दी जमली होती आणि तिच्यात गावातली दोन माणसं होती, ज्यांची इंजिनं दादूने सुधारली होती. चारचौघांत नको, जीपपाशी एकट्याला गाठून सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं. आशुतोष जीपपाशी पोचला. दरवाजा लावू दे, मग काचेवर टकटक करू. दरवाजा लागला. दादूचे पाय हलले नाहीत. भर दर्यात वादळाला न भ्यालेला माणूस, पण दोन शेजाऱ्यांना भ्याला आणि मूग गिळून उभा राहिला. जीप धुरळा उडवत निघून गेली.

हाड भरायला दोन महिने गेले. दादू रोज आशुतोषचा नंबर मागायचं ठरवी आणि रोज जेवून झोपून जाई. मग मात्र तिकडून कळलंच, टीमने दुसरा मुलगा घेतला. गाडी भंगाराच्या भावाने गेली.

निकेशच्या कामाच्या पहिल्या दिवशी दादू त्याचा डबा धरून कंपनीच्या बसथांब्यापर्यंत गेला. बस दिसायला लागली तेव्हा त्याला एकदाचा कंठ फुटला.

"निक्या, त्या दिवशी चेन मी आवळली होती."

"मना म्हायत हाय, बाबा. नट बघितला नि कळलं. असा नट तूच आवळतंस."

"मग कशाला रं आपल्यावर घेतलंस?"

निकेशच्या आवाजात राग नव्हता. असता तर दादूला बरं वाटलं असतं.

"चारचौघांत तुझं नाव कसं घेऊ? पन तो जीपपर्यंत चालत गेला ना, तवा मी तुझ्याकडंच बघत होतो. मना वाटलं, तू जासील."

बस थांबली. निकेशने बापाच्या हातातला डबा घेतला आणि तो आत चढला.