वाळवंटातली रिकामी जागा

वनस्पती उद्यानाच्या काचघरात वाळवंट उभं करायचं काम सासूबाईंच्या जावयाकडे होतं, आणि ते त्याने जिवाचं रान करून केलं. खडक आणले, वाळू चाळून पसरली, दुपारी भट्टी होईल आणि पहाटे हुडहुडी भरेल अशी यंत्रं लावली, वाऱ्यासाठी पंखे बसवले. मधोमध त्याचं लाडकं काटेरी झुडूप. खऱ्या वाळवंटात ते खडकांच्या आडोशाला रुजतं, पाण्याच्या शोधात मुळं खोल पाठवतं आणि दुष्काळ पडला की पानं झाडून झोपी जातं. इथे एवढी सरबराई झाल्यावर त्याने फक्त झोपेचं तेवढं मनावर घेतलं.

"कुंभकर्ण परवडला," संचालक म्हणाले. "तो उठायचा तरी. महिनाअखेर हिरवं काही दिसलं नाही, तर या खोलीत ऑर्किड येतील."

जावयाची झोप उडाली. झुडपाची नाही.

अशात एके दिवशी सासूबाई त्याचा विसरलेला डबा घेऊन काचघरात आल्या. तो पंख्यात डोकं घालून बसला होता. मागे कडाकड आवाज झाला म्हणून वळला, तर सासूबाई बाह्या सरसावून झुडपाचे शेंडे मोडत होत्या.

"आई! अहो, काय करताय?"

"वाळक्या काटक्या आहेत नुसत्या. कामाच्या ठिकाणी असला पसारा? तुमचं कपाटही असंच असतं म्हणे. लेक सांगत होती."

रागवावं तर सासू, गप्प बसावं तर झुडूप. त्याने डबा उघडला. घरी बायकोला एवढंच म्हणाला, "तुझ्या आईने माझं वाळवंट आवरलं."

आठवड्याभरात मोडलेल्या प्रत्येक टोकाखाली हिरवा कोंब! जावई खुळ्यासारखा बघत राहिला, आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. ऊन, वारा, खडक सगळं आणलं होतं. शेळ्या तेवढ्या राहून गेल्या होत्या. वाळवंटात त्या येता-जाता शेंडे ओरबाडतात, तेव्हा कुठे हे आळशी झुडूप खालून फुटतं.

संचालकांनी कोंब पाहिले. ऑर्किड बारगळले.

"पण मी नक्की केलं काय हो?" सासूबाईंनी जेवताना विचारलं.

"तिकडे ते काम... दुसरं कुणीतरी करतं."

"कोण?"

बायकोने टेबलाखालून लाथ मारली. पण गडी पडला शास्त्रज्ञ.

"शेळी," तो म्हणाला.

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. बायकोने डोळे मिटले.

"म्हणजे एवढी शिकलेली माणसं तुम्ही," सासूबाई म्हणाल्या, "आणि नेमकी शेळीचीच जागा रिकामी ठेवलीत? पुढच्या महिन्यात परत येते मी. तोवर झुडपाला कुणी हात लावायचा नाही. आणि आता ते कपाट दाखवा."